तुझं माणूस कोण?

"उचल बघू मला."

आमच्या आळीत नव्याने आलेल्या कोणत्याही धडधाकट माणसाला कासारकाकीचे हे पहिले वाक्य ऐकावे लागे. नाव-गाव नंतर. नवा जावई असो, भाडेकरू असो, टपाल घेऊन आलेला शिपाई असो, ती सगळ्यांना एकाच मापाने मोजी. ती ओट्यावर पाट टाकून बसलेली असे. डोक्यावर बांगड्यांचे चुडे दोरीत ओवून टांगलेले असत. कडेवर घे म्हणणाऱ्या मुलासारखे दोन्ही हात वर करून ती त्या माणसाकडे बघे.

माणूस गोंधळून जाई. परक्याची बायको, पन्नाशीची, आणि तीही भर रस्त्यात!

"लाजतोस काय? मी बाई नाही, भाताचं पोतं आहे असं समज. पोत्याला कुणी लाजतं का?"

तो बिचारा वाकला की ती ओरडे, "कमरेतून नको रे, कंबर मोडेल! गुडघे वाकव. हां. आता माझा हात तुझ्या मानेमागे. ऊठ." वर गेल्यावर ती आळीच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकी आणि म्हणे, "चालेल. ठेव आता. नाव काय म्हणालास?"

शिंप्यांच्या घरचा एक जावई फार भिडस्त होता. त्याने तिला उचलले, तेवढ्यात बांगड्या भरायला एक बाई आली. काकी त्याच्या हातांवर बसूनच हिरव्या आणि पिवळ्या बांगड्यांचा भाव सांगू लागली. खाली ठेवू का, असे विचारायची जावयाला लाज वाटली. त्याचे पाय लटपटू लागले तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आले. "अगं बाई, तू अजून उभाच? मजबूत आहेस हो," ती म्हणाली. शिंप्यांच्या घरी तो जावई पुढे 'मजबूत' याच नावाने ओळखला गेला.

वाचकहो, तुमच्याही आळीत अशी एखादी व्यक्ती असेल. तिला आपण रोज बघतो, हसतो, आणि ती काय करते आहे ते आपल्याला फार उशिरा कळते. मला ते नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील कल्याणच्या बंदरावर भाताची पोती वाहतात. मी मुंबईला कॉलेजात असतो. तिथे वाचलेल्या पुस्तकांत थोरामोठ्यांची चरित्रे आहेत, पण कासारकाकीसारख्या बाईविषयी कसे लिहावे, ते त्यांत सापडले नाही. म्हणून जसे आठवते तसे लिहितो.

बाळंतपणात काकीला ताप आला. मूल गेले, आणि ताप उतरला तेव्हा पायांतला जीवही गेलेला होता. हे तिने मला एकदाच सांगितले, तेही एका मुलीच्या हातात बांगडी चढवता चढवता. तिचा नवरा पाठीवर बांगड्यांचे गाठोडे घेऊन गावोगावचे बाजार करी; भिवंडी, मुरबाड, कधी ठाणे. घरची विक्री काकी ओट्यावरून बघे.

कासारणीपुढे सगळ्याच बायकांना हात पुढे करावा लागतो. ब्राह्मणाची सून असो की आमच्या आगऱ्याची लेक, बांगडी भरताना कासारणीच्या शिवण्याचा विटाळ कुणी मानीत नाही. हात दाबून, वळवून, बोटे मिटवून घट्ट बांगडी चढवायला वेळ लागतो. त्या वेळात काकी घराची खबर घेई. "सासू उठते का गं आपल्या पायांनी?" "आजेसासऱ्यांची बाज कुठल्या खोलीत हलवली?" "तुला कितवा महिना?" आळीत कोण चालू शकते आणि कोण नाही, हे तिच्याइतके कुणालाच माहीत नसे.

आणि मग ती तो दुसरा प्रश्न विचारी, जो आळीतल्या मुलांनाही पाठ होता. "तुझं माणूस कोण?"

म्हणजे, आग लागली तर तू कुणाला घेऊन बाहेर पडणार?

आमची आळी खाडीच्या अंगाला. बहुतेक छपरे गवताची आणि झावळ्यांची. कौले घाला म्हणून मुन्सिपालटी सांगून थकली, पण कौले काही फुकट मिळत नव्हती. चैत्र येईपर्यंत गवत असे वाळे, की हाताने चुरले तर पीठ होई. त्या दिवसांत संध्याकाळची चूल पेटवतानाही बायका देवाचे नाव घेत.

काकीचे माहेर ठाण्याचे. ती लहान असताना तिथे तिच्या घराला आग लागली होती, भर दिवसा. घर माणसांनी भरलेले. देव कुणीतरी पदरात घालून आणले, गाय सोडली, तांब्याची भांडी विहिरीत टाकली. सगळे बाहेर आले, आणि मग कुणीतरी विचारले, आत्या कुठे? आत्या आंधळी होती. मोठ्या भावाला वाटले धाकट्याने नेली, धाकट्याला वाटले मोठ्याने. बायकांना वाटले, पुरुषांनी नेली असेल.

"घरात माणसं कमी असती तर आत्या वाचली असती," काकी म्हणे. एवढेच म्हणे, आणि पुढची बांगडी उचली.

म्हणून तिने आळीतल्या प्रत्येक अडल्या माणसाला, म्हणजे ज्याला आपल्या पायांनी पळता येत नाही त्याला, दोन माणसे नेमून दिली होती. नेमताना तिच्याशी वाद घालणे कठीण. एकदा एक सून म्हणाली, "सासूबाईंना हे नेतील की."

"हे दिवसा कुठे असतात?"

"ठाण्याला, कचेरीत."

"मग आग काय आगगाडीची वाट बघत बसेल?"

झाले. सासूबाईंसाठी शेजारच्या परटिणीला आणि तिच्या जावेला नेमले गेले. दोघींनी एकमेकींची मनगटे धरून हातांची चौकट कशी करायची, सासूबाईंनी त्यावर कसे बसायचे, हे काकीने ओट्यावरून ओरडून ओरडून शिकवले. परटिणीने शिवल्यावर काय, हा प्रश्न निघालाच. काकीने स्वतःचे हात पुढे केले. "हे हात तुम्हाला चालतात ना? मग ते पण हातच आहेत. आणि आगीला कुठलं आलंय सोवळं?"

माझे आणि माझ्या वडिलांचे माणूस होते खुद्द काकी; बंदर आळीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

मी कॉलेजात गेल्यावर पहिल्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा सगळ्यांनी मला इंग्रजी बोलून दाखवायला सांगितले. काकीने विचारले, "तिथे तुझं माणूस कोण?" मग मी सांगितले, की आमच्या बिऱ्हाडी तिसऱ्या मजल्यावर एक विद्यार्थी कुबड्यांवर चालतो. तिने हातातली बांगडी खाली ठेवली. मग म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर? त्याला वर कुणी ठेवला?" परत गेल्यावर मी त्याला बिचकत विचारले, की मी त्याला एकदा पाठीवर घेऊन जिना उतरून पाहू का. त्याला आधी राग आला, मग हसू आले. आता तो आणि मी खालच्या मजल्यावर राहतो.

तिचा सगळ्यात मोठा हुकूम होळीचा. होळी पेटायच्या आधी, दुपारी, आळीतल्या प्रत्येक अडल्या माणसाला त्याच्या माणसांनी उचलून आळीबाहेरच्या तलावाकाठी आणलेच पाहिजे. त्याशिवाय होळी पेटायची नाही. हे कुठल्या शास्त्रात आहे, असे भटजींनी विचारले होते. काकी म्हणाली, "शास्त्रात नसेल तर लिहून घ्या. जागा असेल कुठेतरी." भटजींची आई पांगळी होती. त्यांनी पुढे काही विचारले नाही.

ती मिरवणूक बघण्यासारखी असे. कुणी पाठीवर, कुणी हातांच्या चौकटीवर, कुणी बाजेसकट. एक आजोबा घोंगडीच्या झोळीत, वरून शिव्या देत. पोरे शिमग्याच्या बोंबा मारीत मागे धावत. "कुणाचं लगीन रे?" असे दुसऱ्या आळीतले लोक विचारीत. काकी माझ्या वडिलांच्या हातांवर बसून सगळ्यांत मागून येई आणि चुका सांगे. "अरे, तिचा पाय लोंबतोय! उंबऱ्याला लागला तर?" "वाटेत ही लाकडं कुणी रचली? उचला आधी!"

शिंपीण आजी वर्षभर एका खोलीत पडून असे. एका होळीला तिला तलावाकाठी आणले, तेव्हा ती पाण्याकडे बघतच राहिली. परत न्यायला माणसे आली तर म्हणाली, "इतक्यात नको रे. ते बघ, बगळे बसतायत." तिला संध्याकाळपर्यंत तिथेच राहू दिले. त्यानंतर ती माघापासूनच विचारू लागली, "होळी कधी गं?"

या सगळ्यात एकच माणूस कधी आले नाही. आळीच्या टोकाला तात्या राहत. कचेरीत कारकुनी करून घरी बसलेले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडे झाले होते, पण बोलणे तिखट होते. मुलगा रोज आगगाडीने ठाण्याला जाई. घरी सून एकटी. तात्या अंगाने थोराड. आळीत त्यांना उचलू शकतील असे, माझे वडील आणि एक-दोन हमाल सोडले तर, कुणी नव्हते. आणि सोवळ्या तात्यांना त्यातले कुणीच चालण्यासारखे नव्हते.

काकी दर फाल्गुनात माझ्या वडिलांच्या हातांवर बसून त्यांच्या अंगणात जाई.

"तात्या, यंदा तरी यायचं ना?"

"माझ्या घरावर कौलं आहेत, बाई."

"कौलांच्या खाली वासे कशाचे आहेत? दगडाचे?"

"मला न्यायला यमाचे दूत येतील. तू कशाला तसदी घेतेस?"

"ते कुठे नेतील कुणास ठाऊक. मी तलावाकाठी नेते. तिथे वारा तरी आहे."

सून दाराआड तोंडाला पदर लावून हसे. तात्या भिंतीकडे तोंड फिरवीत. परतताना माझे वडील म्हणत, "जाऊ दे ना काकी. त्याला नको हाय तं नको." काकी म्हणे, "नको म्हणायला पाय लागतात रे. पळता येणाऱ्याने म्हणावं नको."

गेल्या चैत्रातली गोष्ट. माझी परीक्षा झाली होती आणि मी घरी होतो. वडील दुपारी बंदरावरून जेवायला आले होते. आम्ही पानावर बसलो आणि मागच्या आळीतून ओरडा ऐकू आला. कुरमुरे भाजणाऱ्याच्या भट्टीवरचे छप्पर पेटले होते. खाडीवरून वारा सुटला होता. जळते गवत पेंढ्या-पेंढ्यांनी उडून आमच्या छपरांवर पडत होते.

मी उष्ट्या हातानेच बाहेर धावलो. आळीत रडारड असेल, गोंधळ असेल असे मला वाटले होते. पण समोर जे दिसले त्याने माझ्या अंगावर काटा आला. शिंपीण आजी तिच्या दोन माणसांच्या हातांवर बसून निघालीही होती. घोंगडीतले आजोबा घोंगडीत होते, फक्त आज शिव्या देत नव्हते. प्रत्येक दारातून कुणीतरी कुणालातरी घेऊन बाहेर पडत होते, गुडघे वाकवून, पाय सांभाळून, एकामागून एक, तलावाच्या दिशेने. होळीचीच मिरवणूक, पण कुणी हसत नव्हते. आणि ओट्यावरून काकीचा आवाज चालला होता, नावे घेत, घरामागून घर.

तिचा नवरा बाजाराला गेलेला होता. आम्ही तिच्याजवळ पोचलो. मी गुडघे वाकवले. तिने माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे लोटले.

"मला नको. तात्यांकडे जा."

"आधी तुला ठेवतो तलावावर, मंग जातो," वडील म्हणाले.

"नाही. मला उचलायची तुम्हाला सवय आहे. माझं काम झटक्यात होईल. त्यांना कुणी कधी उचललेलं नाही, त्यांना वेळ लागणार. ज्याला वेळ लागणार त्याच्याकडे आधी जायचं."

तिच्या शेजारच्या घराचे छप्पर तेव्हाच पेटले. मी वडिलांकडे बघितले. तिला तिथे सोडून जायचे, हे माझ्या पायांना पटेना. तिचे बोलणे खरे होते. ते खरे होते म्हणूनच मला अधिक भय वाटले.

"ती बोलली म्हंजे झाला," वडील म्हणाले. "चल पोरा."

तात्यांच्या घरात धूर कौलांखाली कोंडून हळूहळू खाली उतरत होता. त्यांची सून एकटीच त्यांना ओढू पाहत होती. तिने तोंडाला ओला पदर बांधला होता आणि ती गुडघ्यांवर होती; धूर वर राहतो, खाली वाकून राहा, हे तिला बांगड्या भरताना कुणी शिकवले ते सांगायला नको. वडिलांनी तात्यांच्या पाठीखाली हात घातला. तात्यांनी चांगल्या हाताने पलंगाजवळचा खांब गच्च धरला.

"शिवू नका!"

इतकी वर्षे मी त्यांच्या तोंडून हे ऐकत आलो होतो. पण त्या दिवशी त्या आवाजात सोवळे नव्हते. नुसते भय होते, लहान मुलाला पहिल्यांदा पाण्यात उतरवताना असते तसे.

"मामंजी, सोडा हो! सोडा!" सून रडत त्यांचे एकेक बोट उघडत होती. एक उघडले की दुसरे मिटे. वडील म्हणाले, "तात्या, जलमभर पोती उचलली. एक पण टाकली नाय." शेवटी हात सुटला. पलंग दारातून निघेना, म्हणून त्यांना घोंगडीवर घेऊन ओढले. माजघरात धान्याची कोठी आडवी होती, ती सरकवली. खरोखरच वेळ लागला. प्रत्येक क्षणाला मला वाटत होते, तिचे बोलणे इतके खरे ठरायला नको होते.

अंगणात वडिलांनी त्यांना पाठीवर घेतले आणि ते तलावाकडे धावले. मी उलट धावलो.

काकीचा ओटा रिकामा होता. छप्पर पेटले होते आणि दोरीवरच्या बांगड्या तडतड फुटून खाली पडत होत्या. मी हाका मारल्या. धुरातून उत्तर आले, पण ते मला नव्हते.

"परटाच्या घरात कोण आहे? ओ द्या! कोण राहिलंय?"

ती रस्त्यावर होती. ओट्यावरून कशी उतरली ते तिने कधी सांगितले नाही. बसल्या बसल्या, दोन्ही तळवे जमिनीवर रेटून ती सरकत होती. आणि तीही पाठमोरी. तलावाकडे पाठ, आगीकडे तोंड. मी तिला विचारले नाही, पण मला लगेच कळले. तसे केल्याशिवाय तिला दारे दिसली नसती. प्रत्येक दारासमोर थांबायचे, हाक मारायची, उत्तर येत नाही असे पाहून मग पुढच्या दाराकडे सरकायचे. तिचे तळवे सोलले होते, केसांच्या कडा जळल्या होत्या, आणि ती एकेक घर डोळ्यांनी रिकामे करत येत होती.

वाचकहो, मी समुद्र पाहिला आहे, मुंबईतल्या मोठमोठ्या इमारती पाहिल्या आहेत. पण माझे मस्तक आपोआप खाली झुकले ते एवढ्या एका वेळी.

"तात्या?" तिने मला बघताच विचारले.

"निघाले. बाबांच्या पाठीवर."

"मग रडतोस काय? गुडघे वाकव."

तलावाकाठी आल्यावरही तिने स्वतःला खाली ठेवू दिले नाही. मला प्रत्येकापाशी थांबायला लावले. ती वाकून प्रत्येकाला हात लावी, नाव घेई, आणि म्हणे, "पुढे." शेवटी पिंपळाखाली तात्या आडवे होते. त्यांना हात लावायला ती वाकली नाही. नुसतीच म्हणाली, "तात्या, वारा आहे ना इथे?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळले.

आळी जवळजवळ सगळी जळाली. माणूस एकही गेले नाही. बघायला आलेले लोक म्हणाले, देवाची कृपा. काकी म्हणाली, "तर काय." तिच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली होती. नवे छप्पर घालायला सुतार आला तेव्हा तिने ते फडकी बांधलेले हात वर केले, आणि त्या बिचाऱ्याला काही कळेना.

धुराने तिला खोकला लागला तो गेला नाही. भाद्रपदात ती वारली. निरोप मिळताच मी मुंबईहून निघालो आणि घरी पोचलो, तेव्हा तिला बाहेर आणले होते.

तिचा नवरा विस्तवाचे मडके घेऊन पुढे होता. तिरडीला खांदा तिच्या जातीच्या माणसांनी द्यायचा, ही रीत. सगळ्यांना ठाऊक होती. कुणी तक्रार केली नाही. आळी दोन्ही बाजूंना उभी होती. त्यातल्या कितीतरी जणांनी तिला कधी ना कधी उचलले होते, आणि आज ते सगळे बाजूला उभे होते. माझे वडील सर्वांच्या पुढे होते. त्यांचे हात मला बघवेनात. बंदरावर ते हात कधी रिकामे नसतात. त्या दिवशी ते कुठे ठेवावे हे त्यांना समजत नव्हते. चौघांनी तिरडी उचलली तेव्हा वडिलांचे गुडघे आपोआप वाकले आणि पुन्हा सरळ झाले.

तिरडी आळीच्या टोकाकडे निघाली. तिथे तात्यांच्या नव्या घराच्या अंगणात त्यांच्या मुलाने त्यांना खुर्चीवर बसवले होते. त्यांनी डावा हात वर केला. मला वाटले, नमस्कार करत आहेत. पण ते माझ्या वडिलांना बोलावत होते.

वडील जवळ गेले आणि नेहमीसारखे अंतर राखून उभे राहिले.

"हात मोकळे आहेत ना तुझे?" तात्या वाकड्या तोंडाने, एकेक शब्द जोडत म्हणाले. "मग मला ने. तिच्यामागून."

मुलगा काही बोलणार होता. सुनेने त्याचा हात धरला.

वडील खाली बसले. तात्यांनी त्यांच्या मानेभोवती हात टाकला, आणि वडील उठले. लोकांनी वाट करून दिली. तिरडी पुढे गेली, आणि तिच्यामागून, एकही पाऊल न चुकवता, माझे वडील तात्यांना पाठीवर घेऊन चालू लागले.